फ्यूज का उडतो?

मोटार रस्त्याने वेगात धावत असते. एकाएकी एंजिन आचके देते आणि गाडी उभी राहते. टाकीत पेट्रोल भरपूर असते, बॅटरीही शाबूत असते. तरी एंजिन काही केल्या सुरू होत नाही. मिस्त्री येतो, फ्यूजची पेटी उघडतो आणि तीतून एक लहानसा रंगीत तुकडा उपसून उजेडासमोर धरतो. आतील धातूची पट्टी मधोमध तुटलेली असते. पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज उडालेला असतो.

अशा वेळी फ्यूजच्या जागी एखादी जाड तार बसवून द्यावी, म्हणजे पुन्हा त्रास नको, असे पुष्कळांना वाटते. परंतु हा उपाय अत्यंत घातक आहे. तो का घातक आहे, हे समजण्यासाठी फ्यूजचे काम काय, ते प्रथम पाहिले पाहिजे.

हल्लीच्या बहुतेक पेट्रोल मोटारींत पंप टाकीच्या आत बसवलेला असतो आणि तो विजेवर चालतो. वीज बॅटरीतून निघते, फ्यूजमधून जाते, तारेने पंपापर्यंत पोहोचते आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीकडे परत येते. विजेच्या या फेऱ्याला मंडल म्हणतात. बॅटरीचा दाब सुमारे १२ व्होल्ट असतो. चालत्या पंपाचा रोध २ ओहम मानला, तर मंडलातून ६ अँपिअर प्रवाह वाहील. एवढा प्रवाह तार सहज सोसते.

आता समजा, गाडीच्या हादऱ्यांनी तार पत्र्याच्या कडेवर घासली, तिचे आवरण झिजले आणि उघडे तांबे सांगाड्याला टेकले. मग वीज पंपापर्यंत जातच नाही. ती मधूनच जवळच्या वाटेने परत फिरते. यालाच शॉर्ट सर्किट म्हणतात. या वाटेचा रोध एक दशांश ओहम एवढाच असला, तर प्रवाह १२० अँपिअर, म्हणजे विसपट होतो. प्रवाहामुळे निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये दाखवून दिले. त्या नियमाने प्रवाह विसपट झाला, की तारेतील उष्णता चारशेपट होते!

येथे फ्यूज उपयोगी पडतो. त्याची पट्टी जस्तासारख्या धातूची आणि मुद्दाम बारीक केलेली असते. तांबे वितळण्यास सुमारे १०८५ अंश सेल्सिअस तापमान लागते. जस्त सुमारे ४२० अंशांनाच वितळते. म्हणून तार तापण्यापूर्वीच पट्टी वितळते, मंडल तुटते आणि प्रवाह थांबतो. किती प्रवाह सोसावा, तो आकडा फ्यूजवर छापलेला असतो. पात्याच्या आकाराच्या फ्यूजांत १५ अँपिअरचा निळा, तर २० अँपिअरचा पिवळा असतो. त्याच्या जागी जाड तार बसवली, तर ती वितळत नाही. मग सबंध तार तापते आणि तिचे आवरण पेट घेते. त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला पेट्रोलची टाकी असते, हे विसरून चालणार नाही.

म्हणून जाणता मिस्त्री त्याच आकड्याचा नवा फ्यूज घालतो आणि तो केव्हा उडतो, याकडे लक्ष ठेवतो. किल्ली फिरवताच उडाला, तर बहुधा शॉर्ट सर्किट असते. काही वेळ चालून उडाला, तर पंपात कचरा अडकला असण्याचा किंवा पंप झिजला असण्याचा संभव असतो. कारण जड फिरणारा पंप अधिक प्रवाह ओढतो. खड्ड्यांतून जातानाच उडाला, तर तार कोठेतरी घासत असावी.

मग तो पंपाची तार सोडवून पाहतो. तरीही फ्यूज उडाला, तर दोष पंपात नसून तारेत आहे हे ठरते. त्यानंतर तो फ्यूजच्या जागी १२ व्होल्टचा लहान दिवा जोडतो. दिव्याच्या रोधामुळे प्रवाह थोडाच वाहतो आणि तार तापत नाही. पंप सुटा असूनही दिवा लागतो, कारण वीज मधूनच सांगाड्यात जात असते. मिस्त्री तार जागोजाग हलवत जातो. जेथे हलवताच दिवा विझतो, तेथेच दोष असतो. हे काम जाणत्या माणसाचेच आहे. पेट्रोलची वाफ एका ठिणगीनेही पेट घेते.

फ्यूज उडणे हे रोगाचे लक्षण आहे. लक्षण दडपले, तर रोग बळावतो. घरातील विजेच्या पेटीलाही हाच नियम लागू आहे. स्वतः वितळून सबंध गाडी वाचवणाऱ्या त्या लहानशा पट्टीने दिलेला इशारा समजून घ्यावा आणि दोष शोधून काढावा, यातच शहाणपण आहे.