डाव्या हाताचा अंगठा

"आजी, कूस बदलते हां." एवढं म्हणून मावशी थांबतात. आईचे डोळे त्यांच्याकडे वळेपर्यंत हात लावत नाहीत. मग एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि आई भिंतीकडे वळते. गेल्या वर्षी तिची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बोललेलं तिला कितपत कळतं, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. मावशी मात्र प्रत्येक गोष्ट विचारूनच करतात.

ब्युरोतून आलेल्या मावशींची ड्युटी सकाळी आठ ते रात्री आठ. दर दोन तासांनी कूस बदलायची, मग टॉर्च लावून माकडहाड आणि टाचा बघायच्या. लाली दिसली तर बोटाने दाबतात. दाबूनही गेली नाही तर तो दिवस त्या बाजूला झोपवणं बंद. पेज भरवताना पाठ सरळ, चमचा डावीकडून. शेवटी उजवा गाल तपासायचा, कारण तिथे घास तसाच राहतो आणि आडवं केल्यावर ठसका लागतो. गाऊन घालताना लुळा हात आधी, काढताना तो शेवटी. मी एकदा उलटं केलं होतं. आईच्या तोंडून तेव्हा जो आवाज निघाला, तो अजून कानात आहे. अंग पुसताना मला खोलीबाहेर काढतात. "मुलगा असलात म्हणून काय झालं?"

मार्चमध्ये औषधांची बिलं साठली. पैसे आईच्याच पेन्शनचे, खर्च आईचाच. मी पैसे काढायची स्लिप भरली, शाईचं पॅड आणलं आणि मावशींना म्हटलं, "जरा आईचा डावा अंगठा धरा."

"आजींना विचारलं का?"

"त्यांना काय कळणार, मावशी?"

"मग मी नाही धरणार, दादा."

राग आला. पगार मी देतो, हे वाक्य ओठापर्यंत आलं होतं, खोटं कशाला बोलू. रात्री २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदा उघडला. वृद्धाची देखभाल ज्याच्याकडे आहे त्याने त्याला कायमचं टाकून देण्याच्या हेतूने कुठे सोडलं, तर कलम २४नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी आईला कुठेच सोडलं नव्हतं. त्या कलमापुरता मी आदर्श मुलगा होतो. अंगठ्याचा नियम रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये सापडला: आजारी खातेदाराच्या अंगठ्याला बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो.

चार दिवसांनी बँकेचे साहेब घरी आले. साक्षीला मावशींना बोलावलं, तर त्या म्हणाल्या, "मी इथली पगारी आहे. शेजारच्या काकांना बोलवा, त्यांचं पण खातं तिथंच आहे." साहेबांनी मान हलवली. काका आले. साहेबांनी स्लिपवरचा आकडा मोठ्याने वाचला: चाळीस हजार. आईने माझ्याकडे पाहिलं. बिलं अठ्ठावीस हजारांची होती. सारखं सारखं नको म्हणून मी वाढवून लिहिलं होतं, एवढंच. तरी ती स्लिप फाडून दुसरी भरली.

आता आईने डावी मूठ घट्ट मिटली. साहेब घड्याळाकडे बघू लागले.

"घाई नको, साहेब." मावशी पलंगाशी खाली बसल्या. "आजी, औषधवाल्याचे पैसे द्यायचेत. अठ्ठावीस हजार. दादा काढतायत. चालेल का?"

पंखा तेवढा फिरत होता. काही वेळाने मूठ सुटली. होकार म्हणून सुटली की दमून, हे मला ठरवता आलं नाही. साहेबांनी तो होकार धरला. मावशींनी मग खोबरेल तेलाने आईचा अंगठा पुसला. नखाच्या कडेला राहिलेली शाई आठवडाभर दिसत होती.