प्रोग्राम फुकट, उस्ताद कुठून आणायचा?

हिशेबाचे कॉम्प्युटर प्रोग्राम विकत घ्यायचे तर लहान दुकानदाराच्या जिवावर येते, म्हणून बाजारात चोरीच्या प्रती सर्रास चालतात. वास्तविक मुक्त सॉफ्टवेअरचा रस्ता उघडा आहे. २०१० साली सुरू झालेले ‘लिबरऑफिस’ त्यातलेच. त्याच्या ‘कॅल्क’ या भागात उधारीची यादी, तागे-मीटरचा साठा, कारागिरांची मजुरी, सारे मांडता येते. पैसा लागत नाही आणि नक्कल करून शेजाऱ्याला देणे हा गुन्हाही नाही. तरी आपल्या दुकानांत ते क्वचितच दिसते. कारण प्रोग्राम फुकट मिळतो, शिकवणारा मिळत नाही. जिथे एका हिशेबनीसालाच येते तिथे तो रजेवर गेला की दुकानाचा कॉम्प्युटर मुका होतो.

ही अडचण ओळखून पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने व केंद्र सरकारच्या मदतीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. सुमारे दहा मिनिटांचा एक धडा. पडद्यावर काम घडताना दिसते, सोबत समजावणारा आवाज. शिकणाऱ्याने अर्ध्या पडद्यावर धडा व अर्ध्यावर प्रोग्राम ठेवायचा, थांबत थांबत तसेच करून पाहायचे.

हे धडे तयार कसे होतात ते समजून घेण्यासारखे आहे. आधी मजकूर दोन रकान्यांत लिहितात. एका रकान्यात पडद्यावर काय दिसेल ते, दुसऱ्यात काय बोलायचे ते. मग रेकॉर्डिंगपूर्वी तो कागद ते सॉफ्टवेअर न जाणणाऱ्या नवख्या माणसाच्या हाती देतात. त्याने नुसते वाचून काम करून दाखवायचे. तो जिथे अडेल तिथे मजकूर दुरुस्त होतो. माझ्या मते सगळ्या योजनेचा जीव इथे आहे. जाणकार माणूस शिकवताना मधल्या दोन पायऱ्या गाळतोच, कारण त्याचा हात सवयीने पुढे गेलेला असतो. फणीत धागे ओवायला शिकवणारा उस्तादही हेच करतो आणि शागीर्द महिनोन्‌महिने नुसता बघत राहतो.

भाषेचा प्रश्न त्यांनी कापडवाल्याला पटेल असा सोडवला आहे. ग्रे कापड एकदाच विणायचे, रंग हवा तो द्यायचा. पडद्यावरचे चित्र तेच राहते, आवाज मात्र मराठी, हिंदी, तमिळ असा बदलतो. तर्जुमा करणाऱ्याला वाक्ये आखूड ठेवावी लागतात, नाहीतर चित्र पुढे आणि बोलणे मागे. मेनू इंग्रजीच राहिल्याने मुलगा उद्या दुसरीकडे नोकरीला गेला तरी गोंधळत नाही.

हे धडे खुल्या परवान्यावर आहेत. मूळ कर्त्याचे नाव ठेवा, बदल केलेला धडाही त्याच अटींवर खुला ठेवा, मग नक्कल करा, वाटा, हरकत नाही. एकदा उतरवून घेतले की नेट नसलेल्या कारखान्यातही चालतात.

लिबरऑफिसची लेखी मार्गदर्शक पुस्तकेही स्वयंसेवकच प्रकरण-प्रकरण वाटून घेऊन लिहितात. एकाने लिहिलेले दुसरा तपासतो, आणि पुस्तक कोणत्या आवृत्तीसाठी आहे तो आकडा छापलेला असतो. तो आकडा महत्त्वाचा. नव्या आवृत्तीत एखादे बटण जागा बदलते आणि जुना धडा शिकणाऱ्याला नसत्या ठिकाणी शोधायला लावतो.

मात्र धोट्याची मजुरी किंवा दलालाची कसर कशी मांडावी हे आपल्याला दुसरे कोणी शिकवणार नाही. त्यासाठी बाजारातल्या चार-पाच दुकानांनी एकत्र येणे पुरेसे आहे. सुरुवातीला एकच विषय घ्यावा, उधारी तारखेनुसार लावण्याचा. जाणकाराने लिहावे, दुकानातल्या नव्या पोऱ्याने करून पाहावे, ज्याचा उच्चार स्वच्छ त्याने बोलावे. पडद्याचे रेकॉर्डिंग करणारे प्रोग्रामही फुकट मिळतात. गिऱ्हाइकांची खरी नावे व रकमा मात्र धड्यात दाखवू नयेत, त्याऐवजी काल्पनिक खाती भरावीत. आणि दर वर्षी जुने धडे नव्या आवृत्तीवर चालवून पाहण्याचे काम एका माणसाच्या नावावर आधीच टाकून ठेवावे.