विश्लेषण : सातपूरच्या कामगाराने कायदा वाचायचा कुठे? विधी ग्रंथालयांचा खर्च कोणी करायचा?

‘कायदा माहीत नव्हता’ ही सबब कोणत्याही न्यायालयात चालत नाही. पण तो माहीत करून घ्यायचा तर कुठे जायचे, याचे उत्तर सहजी मिळत नाही. नाशिकमधील सातपूर औद्योगिक वसाहतीत २० वर्षे काम करून निवृत्त होणाऱ्या कामगाराचे उदाहरण घेऊ. त्याचा एकूण पगार महिना ३० हजार. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १२ हजार, उरलेले १८ हजार इतर भत्ते. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचे जुने पुस्तक उघडले तर १२ हजारांवर हिशेब होतो आणि रक्कम येते सुमारे १ लाख ३८ हजार रुपये. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे. म्हणजे हिशेब १५ हजारांवर, आणि ढोबळमानाने रक्कम १ लाख ७३ हजार. दोन पुस्तकांत जवळपास ३५ हजारांचा फरक पडतो.

ही संहिता इतर तीन कामगार संहितांसह २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. त्याआधी १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी तीन नवे कायदे आले. दीड वर्षाच्या आत कायद्याच्या कपाटातला मोठा भाग शिळा झाला. वकील नवी पुस्तके घेतील, कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग सल्लागार नेमतील. कामगाराचे काय?

‘विधी ग्रंथालय’ सर्वांसाठी असते का?

अमेरिकेत अनेक राज्यांत असते. तिथल्या ‘काउंटी’ला म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याला स्वतःचे विधी ग्रंथालय असते आणि वकील नसलेला माणूसही तिथे जाऊन कायदा वाचतो, अर्जाचे नमुने मागतो, ग्रंथपालाला विचारतो. सुरुवात मात्र वकिलांच्याच सोयीतून झाली. फिलाडेल्फियात १८०२ मध्ये आणि त्यानंतर बॉस्टनमध्ये वकिलांनी वर्गणी काढून ग्रंथालये उभारली, कारण पुस्तके महाग होती आणि एकट्याला परवडत नव्हती. लॉस एंजेलिसचे ग्रंथालयही १८८६ मध्ये असेच खासगी होते. १८९१ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून काउंटी विधी ग्रंथालये सार्वजनिक केली आणि खर्चाची तरतूदही त्यातच केली. दिवाणी दावा दाखल करताना जी फी भरली जाते, तिचा ठरावीक हिस्सा ग्रंथालयाला जातो. ओहायोत न्यायालयीन दंडाच्या रकमेतून ही ग्रंथालये चालत. तिथे २००८ मध्ये कायदा बदलून ती काउंटीच्या मंडळांकडे सोपवण्यात आली.

या पद्धतीतली गोम अलीकडे उघड झाली. २००९ नंतर कॅलिफोर्नियात दाव्यांची संख्या घटली, तशी ग्रंथालयांची मिळकतही घटली. वकील न परवडणारे लोक तर तेवढेच होते. शेवटी २०१८ मध्ये तिथल्या विधिमंडळाला राज्याच्या अर्थसंकल्पातून १ कोटी ६५ लाख डॉलरची एकवेळची मदत द्यावी लागली.

आपल्याकडे कायद्याची पुस्तके कोणाच्या ताब्यात?

वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या. जिल्हा न्यायालयांच्या आवारात वकील संघाचे ग्रंथालय असते. ते सभासदांच्या वर्गणीवर चालते आणि सभासदांसाठीच असते. यात गैर काही नाही. ज्याने पैसे दिले त्याने वापरावे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात ‘विधी ग्रंथालये स्थापणे’ हे वकील परिषदांच्या निधीचे एक उद्दिष्ट म्हणून स्पष्ट नोंदवलेले आहे, पण तो पैसाही वकिलांचाच.

पुस्तके महाग का, याला इतिहास आहे. मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये स्थापन झाले. निकालांचे अधिकृत अहवाल छापण्यासाठी १८७५ मध्ये कायदा झाला. पण सरकारी अहवाल नेहमी मागे पडत, आणि ती पोकळी खासगी प्रकाशकांनी भरली. रतनलाल आणि धीरजलाल यांचा ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ १८९९ पासून, तर पुढे नागपूरशी कायमचा जोडला गेलेला ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ म्हणजे वकिलांच्या तोंडचा ‘एआयआर’ १९१४ पासून निघू लागला. मूळ निकालावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, पण संपादकाने कौशल्याने घातलेल्या टिपा आणि मांडणीवर तो असू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ‘ईस्टर्न बुक कंपनी’ खटल्यात स्पष्ट केले. थोडक्यात, निकाल फुकट असतो. तो शोधून देणारी सूची विकत घ्यावी लागते.

मग सार्वजनिक वाचनालये?

नाशिकला ही परंपरा परकी नाही. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे नाशिककरांचे ‘सावाना’, १८४० पासून आहे. राज्याच्या ग्रंथालय व्यवस्थेचा पाया तर एका कायदेपंडितानेच घातला, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नसते. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये मुंबई इलाख्यासाठी ग्रंथालय विकास समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते असफ अली असगर फैजी. तेव्हा ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंत टप्प्याटप्प्याची रचना त्यांच्या समितीने सुचवली.

पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला. त्यातही एक निर्णायक गोष्ट राहून गेली. तमिळनाडू, कर्नाटकात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे. गोव्याने तर १९९३ च्या कायद्यात हा उपकर मद्यावर बसवला. महाराष्ट्राने उपकर टाळला आणि राज्य सरकारने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत, एवढीच तरतूद केली. प्रत्यक्षात सरकार आज त्याच्या कितीतरी पट अनुदान देते, हे खरे. पण ते दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर अवलंबून असते. अ, ब, क, ड अशा वर्गांतील सुमारे ११ हजार ग्रंथालये या अनुदानावर चालतात. २०१२ नंतर थेट २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली. मधल्या दहा वर्षांत पुस्तकांच्या आणि कागदाच्या किमती थांबल्या नव्हत्या. लहान ग्रंथालयात अनुदानातून सेवकाचे मानधन, वीजबिल आणि वर्तमानपत्रे भागवल्यावर जे उरते त्यात कादंबऱ्या, दिवाळी अंक आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके येतात. दर वर्षी बदलावे लागणारे कायद्याचे पुस्तक या यादीत शेवटचे.

कोर्ट फीचा पैसा कुठे जातो?

राज्याच्या तिजोरीत. १९५९ च्या मुंबई न्यायालय फी कायद्यानुसार दावा दाखल करणारा कोर्ट फी भरतो. २०१८ मध्ये तिची कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाख रुपये झाली. कॅलिफोर्नियासारखा त्यातला हिस्सा वेगळा काढण्याची तरतूद नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘झेनिथ लॅम्प’ खटल्यात कोर्ट फी हा कर नसून शुल्क आहे आणि न्यायदानाच्या खर्चाशी तिचा ढोबळ का होईना संबंध असला पाहिजे, असे म्हटले होते. पक्षकाराला कायदा वाचण्याची जागा देणे हा न्यायदानाचा खर्च मानायचा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे विधिमंडळात कधी गांभीर्याने आला नाही.

कामगाराला हे पुस्तक इतरांपेक्षा जास्त का लागते?

कारण कामगार न्यायालय हे मुळातच बिनवकिलांचे व्यासपीठ म्हणून उभे राहिले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३६ नुसार कामगाराची बाजू संघटनेचा पदाधिकारी मांडू शकत असे. वकील उभा करायचा तर समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी लागत असे. नव्या औद्योगिक संबंध संहितेनेही ही चौकट कायम ठेवली. व्यवहारात दोन्ही बाजूंनी वकील सर्रास उभे राहतात. तरी कंपनीच्या नोटिशीला पहिले उत्तर लिहिणारा, चौकशी अधिकाऱ्यासमोर सहकाऱ्याच्या शेजारी बसणारा माणूस बहुतेक वेळा शॉपफ्लोअरवरचाच असतो. दुसऱ्या पाळीहून सुटल्यावर रात्री तो कलमे वाचतो. त्याच्या हातातले पुस्तक जुने असेल तर चूक त्याच्या सहकाऱ्याला भोवते.

सातपूरची घडणच अशी आहे. साठच्या दशकापासून इथे कारखाने येत गेले, त्र्यंबक रस्त्याच्या आजूबाजूला कामगारांच्या वसाहती वाढल्या. १९८२ मध्ये नाशिक महापालिका झाली तोवर सातपूरला स्वतःची नगरपालिका होती. कायम कामगारांच्या जोडीला आता कंत्राटी आणि ठरावीक मुदतीवरचे कामगार मोठ्या संख्येने आहेत. नव्या संहितेने मुदतीवरच्या कामगाराला पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. ज्याची नोकरीच अकरा-बारा महिन्यांवर संपते, त्याला ही तारीख माहीत असणे म्हणजे पैसे मिळणे किंवा बुडणे.

कामगार आधीच पैसे भरतो, ते कसे?

सातपूरमधल्या कामगाराने जून आणि डिसेंबरची पगाराची स्लिप नीट पाहावी. त्यात ‘एमएलडब्ल्यूएफ’ किंवा ‘कामगार कल्याण निधी’ नावाची छोटी कपात असते. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याखाली ती होते. पूर्वी कामगाराचे १२ आणि मालकाचे ३६ रुपये असत. २०२४ पासून सहा महिन्यांना कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ झाले. म्हणजे एका कामगारामागे वर्षाला २०० रुपये. ५०० कामगारांच्या एका कारखान्यातून वर्षाला एक लाख. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना हा कायदा लागू आहे, त्यामुळे लहानसहान वर्कशॉपही त्यात येतात.

या निधीच्या उगमाची गोष्ट ओहायोची आठवण करून देणारी आहे. कामगारांच्या पगारातून कापलेले दंड आणि तीन वर्षे कोणी न नेलेला पगार-बोनस या निधीत जमा होतो. कामगाराचा थकीत पैसा परत कामगारांच्याच कामी यावा, अशी ही कल्पना. मालकांनी तिला आव्हान दिले. ‘बॉम्बे डाइंग’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न नेलेल्या रकमांचा भाग रद्द ठरवला. पुढे कायद्यात दुरुस्ती करून ही व्यवस्था पुन्हा बसवण्यात आली.

हा निधी कशावर खर्च करायचा याची यादी कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे आणि तिच्यात सुरुवातीलाच सामाजिक शिक्षण केंद्रांबरोबर ‘वाचनालये आणि ग्रंथालये’ असे शब्द आहेत. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची केंद्रे राज्यभर कामगार वस्त्यांत चालतात. शिवणवर्ग, शिष्यवृत्त्या, नाट्यस्पर्धा, क्रीडास्पर्धा हे त्यांचे काम लोकांना माहीत आहे, आणि कामगार रंगभूमीने दिलेले कलावंत पाहता ते वाया गेलेले नाही. पण ज्या कायद्यांमुळे कामगाराची नोकरी टिकते किंवा जाते, त्यांचे अद्ययावत कपाट हे मंडळाच्या ओळखीचा भाग कधी झाले नाही.

सगळे मोबाइलवर आहे, मग पुस्तक कशाला?

बरेच आहे, हे मान्यच करावे लागेल. ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर केंद्र आणि राज्यांचे कायदे फुकट मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ‘ई-एससीआर’ सुरू करून सुमारे ३४ हजार निकाल सर्वांना खुले केले. यंत्राच्या मदतीने काही निकालांचे मराठी भाषांतरही होते. केंद्रीय कायद्यांचे मराठी पाठ अधिकृत मानण्यासाठी १९७३ पासून स्वतंत्र कायदा आहे. मात्र नवा कायदा इंग्रजीत लागू होतो त्या दिवशी मराठी पाठ हातात नसतो, आणि गरज नेमकी त्याच दिवसांत असते.

दुसरी अडचण शोधण्याची आहे. ‘ग्रॅच्युइटी’ असे टाइप केल्यावर जे समोर येते त्यात रद्द झालेला कायदा, सल्लागार कंपनीची जाहिरात आणि तीन वर्षांपूर्वीचा व्हिडीओ एकाच रांगेत असतात. कोणते कलम आज लागू आहे हे सांगणारा माणूस लागतो. अमेरिकेतल्या विधी ग्रंथालयांत आता पुस्तकांपेक्षा हाच माणूस मोलाचा ठरतो. तो सल्ला देत नाही, कारण ते वकिलाचे काम. तो योग्य पान आणि योग्य अर्ज काढून देतो.

तोवर काय करता येईल?

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत कायदेशीर मदतीस पात्र असलेल्यांत ‘औद्योगिक कामगार’ असा स्वतंत्र उल्लेख आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. मदतीसाठी १५१०० हा देशभर चालणारा दूरध्वनी क्रमांक आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे थेट अर्जही करता येतो.

सातपूरमध्ये कायद्याचे एक खुले कपाट आणि ते सांभाळणारा जाणकार ग्रंथपाल ठेवायचा, तर नवा कर किंवा नवा कायदा लागणार नाही. कलम ७ मधले शब्द सत्तर वर्षांपासून तिथे आहेत, आणि पुढची २५ रुपयांची कपात जून किंवा डिसेंबरच्या पगारात होईलच.