अक्कलदाढ काढायची भीती वाटते? मग हे आधी वाचा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. पनवेलच्या आमच्या विहारात रविवारची वंदना झाली, चहा आला आणि आमच्यातला एक चोवीस वर्षांचा तरुण सहज बोलून गेला, "मंगळवारी अक्कलदाढ काढायची आहे." एवढेच निमित्त झाले. पुढच्या दहा मिनिटांत त्याला पाच किस्से ऐकवले गेले. कुणाच्या मेहुण्याचा गाल आठ दिवस सुजून राहिला होता, कुणाच्या मावशीची दाढ काढता काढता तुटली होती. एका काकांनी तर वरची दाढ काढल्यामुळे शेजाऱ्याची नजर अधू झाल्याचे छातीठोकपणे सांगितले. त्या पाचांतला एक किस्सा आमचाही होता.

त्या मुलाने सोमवारी दवाखान्यात फोन करून वेळ रद्द केली. तीन आठवड्यांनी त्याचा जबडा सुजला. तोंडात बोट जाईना, गिळताना कानापर्यंत कळ जाई, अंगात ताप. त्याच आठवड्यात त्याची बँकेची परीक्षा होती. वर्षभर रात्री जागून अभ्यास केला होता. ती परीक्षा तो देऊ शकला नाही.

आमचा किस्सा खोटा नव्हता, पण अर्धवट होता. सूज किती आली आणि तिसऱ्या दिवशी किती दुखले ते आम्ही रंगवून सांगितले. प्रत्यक्ष दाढ काढायला पाऊण तासही लागला नाही आणि त्या वेळात काहीही दुखले नाही, हे सांगायचे राहून गेले, कारण त्यात सांगण्यासारखे काही घडलेच नव्हते. सगळ्यात जास्त त्रास झाला तो आदल्या दोन रात्रींचा, झोप न लागण्याचा. तेही आम्ही बोललो नाही. आता निदान इथे तरी सगळे नीट सांगतो.

ही दाढ येते कशी?

अक्कलदाढ म्हणजे जबड्याच्या प्रत्येक बाजूची शेवटची, तिसरी दाढ. साधारण १७ ते २५ या वयात ती येते. पूर्ण चार असतात, पण काहींना दोनच येतात, काहींना एकही येत नाही आणि त्याचा अकलेशी काही संबंध नाही. जबड्यात जागा उरलेली नसेल तर ती आडवी किंवा तिरकी अडकते, अर्धी हिरडीखाली आणि अर्धी बाहेर. त्या अर्धवट झाकलेल्या जागेत अन्नाचे कण शिरतात, ब्रश पोहोचत नाही, आणि हिरडी सुजते. आमच्या त्या तरुणाला हेच झाले होते. शिवाय तिरकी दाढ शेजारच्या चांगल्या दाढेला टेकून राहिली तर तिथे कीड लागते आणि एका दाढेऐवजी दोन गमावण्याची वेळ येते.

प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असे मात्र नाही. सरळ आलेली, स्वच्छ राहणारी, त्रास न देणारी दाढ तशीच ठेवता येते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २००० साली स्पष्ट सांगितले की अडकलेली असली तरी निरोगी असलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. म्हणून "काढा" असे सांगितले गेले तर "का काढायची?" हे विचारायला अजिबात कचरू नका. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला दवाखान्यात ओपीजी म्हणतात, तो समोर धरून दाखवायला सांगा. दाढ कशी पडली आहे, मुळे कुठवर गेली आहेत, खालच्या जबड्यातून जाणारी नस किती जवळ आहे, हे त्यात दिसते. आपल्या घरांत अजूनही डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा वाटतो. कागद हातात घ्यायचा, मान डोलवायची आणि बाहेर आल्यावर केमिस्टला विचारायचे, ही सवय मोडायला हवी. निम्मी भीती त्या न विचारलेल्या प्रश्नांचीच असते.

आणि कारण खरे असेल तर लांबवू नका. तरुण वयात मुळे पूर्ण तयार झालेली नसतात, हाड थोडे लवचिक असते, म्हणून दाढ सोपेपणाने निघते. दुसरे कारण आम्हाला त्या मुलाच्या प्रसंगानंतर कळले. सूज आणि पू असलेल्या जागी भुलीचे इंजेक्शन नीट लागू पडत नाही. म्हणजे दुखेल म्हणून जो थांबतो, त्यालाच पुढे दुखण्याची शक्यता जास्त. त्याच्या बाबतीत आधी जागा धुऊन, औषधे देऊन सूज उतरवावी लागली आणि मगच दाढ काढता आली.

भीती वाटते म्हणजे आपण भित्रे नाही

दातांच्या डॉक्टरांची भीती इतकी सार्वत्रिक आहे की ती मोजण्यासाठी प्रश्नावली आहे. नॉर्मन कोरा या अमेरिकी अभ्यासकाने १९६९ मध्ये चार प्रश्नांची केली, पुढे १९९५ मध्ये हम्फ्रिस यांनी त्यात इंजेक्शनचा पाचवा प्रश्न घातला. उद्या दवाखान्यात जायचे आहे तर कसे वाटते, बाहेर बसून वाट पाहताना कसे वाटते, दात कोरणार असतील तर, साफ करणार असतील तर, हिरडीत सुई देणार असतील तर, असे ते पाच प्रश्न. प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे. बेरीज १९ किंवा त्याहून जास्त आली तर भीती फार मोठी आहे असे धरतात आणि अशा माणसाला शांत करणारे औषध देऊन किंवा गरज पडली तर पूर्ण भूल देऊन दाढ काढता येते. आमची बेरीज १७ आली होती. आकडा कळल्यावर एक फायदा होतो. "मला सगळ्याचीच भीती वाटते" याऐवजी "मला सुईची वाटते, आवाजाची नाही" असे डॉक्टरांना सांगता येते.

घरातल्या वडीलधाऱ्यांची भीती मात्र वेगळी आहे, तिला हसू नये. त्यांच्या लहानपणी खेड्यात हलणारा दात भुलीशिवाय ओढून काढत. त्यांनी जे सोसले ते खरेच सोसले आहे. जगाच्या इतिहासातही भूल फार जुनी नाही. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून सहकाऱ्याकडून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. आज दाढेसाठी सर्रास वापरतात ते लिग्नोकेन तर स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ साली तयार केले. आजीच्या आठवणीतली दाढ आणि आपली दाढ यांच्यामध्ये हे औषध आहे.

खुर्चीत काय होते?

खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागच्या बाजूला सुई देतात. ती टोचते, खोटे कशाला सांगायचे, पण काही सेकंद. मग अर्धा ओठ आणि जिभेची एक बाजू जड पडते. याच वेळी अनेकांची छाती धडधडते, हात थरथरतात. आम्हाला तर हृदयाला काही झाले असे वाटले होते. लिग्नोकेनमध्ये बहुतेक वेळा थोडे ॲड्रेनलिन मिसळलेले असते, रक्तस्राव कमी व्हावा आणि भूल जास्त वेळ टिकावी म्हणून. त्याने काही मिनिटे धडधड होऊ शकते आणि ती आपोआप थांबते. हे आधी माहीत असते तर आम्ही त्या पाच मिनिटांत इतके घाबरलो नसतो. धडधड होतेय हे डॉक्टरांना सांगावे, आणि ज्यांना हृदयाचा आजार किंवा रक्तदाब आहे त्यांनी तो सुई घेण्याआधीच सांगावा.

भूल लागली की नाही ते टोचून पाहतात. तीक्ष्ण लागले तर लगेच सांगा, आणखी औषध देता येते. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ही भूल वेदना थांबवते, दाब थांबवत नाही. वेदना वाहणारे तंतू बारीक असतात, ते लवकर बधिर होतात. दाब आणि ओढ जाणवणारे जाड तंतू जागे राहू शकतात. त्यामुळे जबडा ढकलला जातोय, काहीतरी कडकन मोडतेय, असे कळत राहते. "भूल लागलीच नाही" अशी जी तक्रार ऐकू येते, ती पुष्कळदा या दाबाची असते. दाढ तुटली म्हणून घाबरायचेही कारण नाही. अडकलेली दाढ मुद्दाम कापून तुकड्यांनी काढतात, म्हणजे हाड कमी कोरावे लागते. त्या मावशीच्या किश्शात बहुधा हेच झाले असावे.

सुरुवातीलाच डॉक्टरांशी ठरवून घ्या की डावा हात वर केला म्हणजे थांबायचे. आम्ही तो हात एकदाच वर केला, तोही जबडा अवघडला म्हणून. पण थांबवणे आपल्या हातात आहे, एवढ्याने माणूस बराच सैल होतो.

श्वासाचे इथे खरेच काम आहे. आनापानसतीची सवय असलेल्यांना नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहणे नवे नाही. नसेल तर आठवडाभर घरी तोंड उघडे ठेवून फक्त नाकाने श्वास घेण्याचा सराव करा, सोडताना थोडा लांब सोडा. तोंडात पाणी आणि नळी असताना गुदमरल्यासारखे वाटते ते याने कमी होते. संयुत्त निकायातल्या सल्लत्थ सुत्तात दोन बाणांचा दृष्टांत आहे. पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा आपण मनात स्वतःला मारून घेतो. आमच्या आदल्या दोन रात्री या दुसऱ्या बाणाच्या होत्या. मात्र ध्यान करणाऱ्याला भुलीची गरज नाही असे कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. पहिल्या बाणासाठी औषधच लागते. खुद्द तथागतांनी जीवकासारख्या वैद्याकडून उपचार घेतले होते.

उपाशी मात्र जाऊ नका. फक्त जागेपुरती भूल असेल तर दोन तास आधी पोटभर जेवून जावे. चक्कर येते ती पुष्कळदा रिकाम्या पोटाने आणि भीतीने. पूर्ण भूल किंवा झोपेचे औषध देणार असतील तर नियम उलटा आहे, तिथे डॉक्टर सांगतील तितके तास उपाशीच राहायचे. मधुमेह, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, झडपेचा आजार, गरोदरपण, औषधाची ॲलर्जी हे सगळे आधी सांगा आणि चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. धीर यावा म्हणून 'थोडी' घेऊन येणारेही असतात. पंचशील बाजूला ठेवले तरी भूल, दारू आणि रक्तस्राव हे एकत्र चांगले नाही.

डोळ्यांचे काय, हे पुन्हा पुन्हा विचारले जाते. दातांच्या नसा वेगळ्या, दृष्टीची नस वेगळी. दाढ काढल्याने नजर जात नाही. खरा धोका असतो तो खालच्या जबड्यातल्या नसेचा. ती दाढेच्या मुळाजवळ असेल तर ओठ किंवा हनुवटी काही आठवडे बधिर राहू शकते. थोड्याच जणांना असे होते आणि कायमचे तर फारच क्वचित. एक्स-रे दाखवताना हा प्रश्न जरूर विचारा.

घरी आल्यावर

कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. त्या दिवशी थुंकायचे नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचे नाही, कारण खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी हीच जखमेचे झाकण असते. लाळेत रक्त मिसळले की ते फार दिसते, तेवढ्याने घाबरू नये. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ. गार पेज, ताक, मऊ भात, गार वरण. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळू चूळ. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते, हे माहीत नसले की तिसऱ्या दिवशी माणूस हवालदिल होतो.

विडी, तंबाखू आणि मिशरी यांच्याबद्दल थोडे कडक बोलावे लागेल. आपल्या वस्त्यांत बायकाही मिशरी लावतात आणि ती व्यसनात धरतच नाहीत. दाढ काढल्यावर ती लावली तर जखम चिघळते. धूम्रपानाने गुठळी निघून हाड उघडे पडण्याचा धोका वाढतो. तसे झाले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी वाढते, कानापर्यंत ठणकते, तोंडाला वास येतो. पथ्य पाळूनही कधी कधी हे होते. घरी सोसत बसू नये, जखमेत औषधाची पट्टी भरली की बराच आराम पडतो. गिळता येत नसेल, श्वासाला त्रास होत असेल, सूज गळ्याकडे उतरत असेल किंवा बोळा पुन्हा दाबूनही तोंड ताज्या रक्ताने भरत असेल तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

खर्चाची भीतीही खरी असते, पण ती कुणी बोलून दाखवत नाही. पनवेलकरांना कामोठे आणि खारघर इथली दंत महाविद्यालये जवळ आहेत. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली दाढा काढतात आणि खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. हार्बर लाईनने शेवटपर्यंत गेले तर सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे. विद्यार्थी म्हणून नाक मुरडू नका. त्यांच्या हाताखालून दिवसाला जितक्या दाढा जातात तितक्या गल्लीतल्या दवाखान्यात महिन्यातही जात नसतील. वेळ मात्र जास्त लागतो, सकाळी लवकर पोहोचावे आणि सोबत कुणाला तरी न्यावे.

त्या तरुणासोबत आम्ही गेलो. बाहेरच्या बाकावर तो फारसे बोलला नाही. आत पस्तीस मिनिटे लागली. बाहेर आला तेव्हा तोंडात बोळा होता, म्हणून मोबाइलवर लिहून दाखवले, "आवाज खूप. दुखले नाही." दोन रविवारांनी चहाच्या वेळी एका मुलीने तिला ओपीजी काढायला सांगितल्याचे सांगितले. त्याच काकांनी डोळ्यांचा विषय काढायला तोंड उघडले. पोराने त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.