आधी हाक, मग काठी, मग दोर

लोणावळ्याच्या रायवूड बागेतल्या हिरवळीवर दोन लांब दोर समांतर अंथरलेत. मधली दहा-बारा पावलांची जागा म्हणजे इंद्रायणी. अलीकडच्या काठावर तीस-चाळीस माणसं उभी आहेत, आणि मधोमध ओल्या गवतावर बारावीतली एक मुलगी उताणी पडून हात हलवतेय. ती बुडतेय.

"मावशी, काय करणार?" पिवळं हेल्मेट घातलेला, बचाव पथकातला तरुण विचारतो.

मावशी भुशी धरणाच्या रस्त्याला कणसं भाजून विकतात. पदर खोचून त्या दोन पावलं पुढे येतात. "काय करणार म्हंजे? उडी टाकीन की."

"पोहता येतं?"

"न्हाई."

माणसं हसतात. तो हसत नाही. "म्हणजे आता दोघींना काढायचंय," तो शांतपणे म्हणतो. मग सगळ्यांकडे वळून बोटांवर मोजत सांगतो, "आधी हाक. ओरडा, बुडणाऱ्याला काठाकडे बघायला लावा, आजूबाजूच्यांना गोळा करा. मग काठी. बांबू, छत्री, ओढणी, हाताला येईल ते, पण आपण झोपून, आपले पाय कुणीतरी धरलेले. मग दोर. उडी सगळ्यांत शेवटी, आणि ज्याला हे शिकवलंय त्यानेच."

सोमवार आहे. शनिवार-रविवारची गर्दी घाट उतरून गेली आहे आणि शहराला जरा उसंत मिळाली आहे. म्हणून या प्रशिक्षणासाठी आजचा दिवस ठरवला असावा. जमलेल्यांत पाच-सहा रिक्षावाले आहेत, चिक्कीच्या दुकानांतली मुलं आहेत, तुंगार्ली-वलवणकडच्या बंगल्यांची राखण करणारे दोघं-तिघं आहेत, आणि एका कॉलेजची तुकडी आहे. बाकीचे माझ्यासारखे. बागेत फिरायला आले आणि थांबले. पाऊस झिमझिम चाललाय. दोन झाडांना ताडपत्री बांधून तिच्याखाली स्ट्रेचर, दोरांची भेंडोळी आणि छातीपर्यंतचा एक रबरी पुतळा ठेवलाय. पलीकडे झोपाळ्यांवर दोन लहान मुलं भिजत बसलीत. बागेतल्या जुन्या शंकराच्या देवळाकडे निघालेल्या एक आजी फुलांची परडी सांभाळत आमच्यात येऊन उभ्या राहिल्यात.

हे सगळं बागेत चाललंय याचं मला फार मोल वाटतं. सभागृहात झालं असतं तर निमंत्रितच आले असते. परडीवाल्या आजी आल्या नसत्या. आणि मावळात कुठल्याही दिवशी, कुठल्याही वळणावर, मदतीला पहिला कोण पोचेल हे निमंत्रणाने ठरत नाही.

कुंडमळ्याच्या घटनेला महिना होत आलाय. नाव निघताच घोळका गप्प होतो. 15 जून 2025, रविवार, दुपारी साडेतीनच्या सुमाराची वेळ. इंद्रायणीवरच्या जुन्या लोखंडी पुलावर माणसांची दाटी, त्यात दुचाक्या घुसलेल्या, खाली पावसाने फुगलेलं पाणी. पूल कोसळला. 4 जीव गेले, पन्नासच्या आसपास माणसं जखमी झाली. पूल धोकादायक असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, तसा फलकही लावलेला होता. फलक लावला की आपलं काम संपलं, असं मानणाऱ्यांचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

"त्या दिवशी पहिला हात कुणाचा होता?" हेल्मेटवाला विचारतो.

कुणी बोलत नाही.

"आमचा नव्हता. तिथल्या माणसांचा होता."

तो खरं बोलतोय. नंतर सगळे आले. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र बचाव पथकाची माणसं आली, वन्यजीव रक्षक मावळ संस्थेचे कार्यकर्ते आले, पोलीस आले, अग्निशमन दल आलं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन तर याच तालुक्यात, सुदुंबऱ्याला आहे, म्हणजे कुंडमळ्याच्या जवळच. तरीही वाहत्या पाण्यात जवळचा हिशोब मिनिटांनी करावा लागतो. ती पहिली मिनिटं काठावर उभ्या असलेल्यांची होती. पुलावरच्या माणसांशी त्यांची ओळखपाळख नव्हती. कुणी पाण्यात शिरलं, कुणी लोखंडात अडकलेल्यांना धीर देत धरून ठेवलं. ती माणसं कोण, याची यादी कुठे लागली नाही, लागणारही नाही.

त्याआधीच्या वर्षीची, 30 जून 2024 ची ती चित्रफीत तर इथल्या प्रत्येकाने पाहिलेली आहे. भुशी धरणाच्या मागचा धबधबा, अचानक वाढलेला लोंढा, प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभं असलेलं हडपसरचं कुटुंब. एक बाई आणि चार मुलं गेली. पुढचे काही दिवस शोध चालला. मावशी त्या रस्त्यावर बसतात. त्या काही बोलत नाहीत, फक्त हेल्मेटवाल्याच्या हातातला दोर मागून घेतात आणि तो किती जाड आहे ते बोटांनी चाचपतात.

दोर फेकायला शिकवतायत. पिशवीत भरलेला दोर, एक टोक आपल्या मुठीत, पिशवी खालून वर, झोका देऊन सोडायची. बुडणाऱ्याच्या अंगावर नाही, डोक्याच्या पलीकडे, म्हणजे दोर त्याच्या खांद्यावर पडतो. पाणी वाहतं असेल तर त्याच्या थोडं खालच्या बाजूला, कारण तो तिकडेच चाललाय. टोक मनगटाला गुंडाळायचं नाही. "दोर ओढला गेला तर हात सोडता आला पाहिजे." पहिल्या रिक्षावाल्याची पिशवी जांभळाच्या फांदीत अडकते. दुसऱ्याची बरोबर मुलीच्या पोटावर. तिसऱ्या खेपेला चिक्कीच्या दुकानातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा फेकतो आणि दोर अलगद तिच्या खांद्यावर उतरतो. ती दोन्ही हातांनी तो छातीशी धरते, पाठीवर वळते, तोंड आभाळाकडे. चौघं मिळून ओढतात. भिजलेल्या गवतावरून ती सरसर काठाला येते आणि माणसं टाळ्या वाजवतात. मुलगा कानापर्यंत लाल झालाय.

मग पुतळा. हा भाग हेल्मेटवाला करत नाही, मघाशी बुडत होती तीच मुलगी उठून, केस पिळून, गुडघ्यांवर बसते. आवाज बारीक आहे पण अडखळत नाही. "हाक मारून बघायची. श्वास बघायचा. नसेल तर एकाने 108 ला किंवा 112 ला फोन लावायचा, स्पीकरवर ठेवून. बुडालेला माणूस असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, कारण त्याची हवा संपलेली असते. मग छातीच्या मधोमध तळहात, कोपर ताठ, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस."

"आणि पाणी?" मागून एक आजोबा विचारतात. डोक्यावर टोपी, अंगात घोंगडी, नाणे मावळातून नातवाच्या कामासाठी आलेले. "पोटातलं पाणी नको काढाया? आमच्या वक्ताला कुंभाराच्या चाकावर घालून फिरवीत."

"नाही आजोबा. पालथं घालायचं नाही, पोट दाबायचं नाही, फिरवायचं नाही. पोटातलं पाणी त्याला मारत नाही, हवा नसल्यानं तो मरतो. पोट दाबलं तर उलटी होऊन ती श्वासनळीत जाते. त्यात वेळही जातो."

आजोबा मान हलवत नाहीत. बराच वेळ पुतळ्याकडे बघत राहतात. मग विचारतात, "म्हंजे तवा जी पोरं गेली, त्यातली काही ऱ्हायली असती?"

मुलगी हेल्मेटवाल्याकडे बघते. तो खाली बसतो, आजोबांच्या गुडघ्याजवळ. "तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, आजोबा. तुम्ही पाण्यातून काढलंत ना? तेच मोठं होतं." आजोबा घोंगडी बाजूला काढून ठेवतात आणि पुतळ्यासमोर बसतात. त्यांचे हात भाताच्या खाचरात आयुष्य घालवलेले. दाब असा खोल बसतो की पुतळ्यातली कळ प्रत्येक वेळी टक् वाजते. मुलगी मोठ्याने मोजते, आणि तीसनंतर सगळा घोळका तिच्याबरोबर मोजू लागतो.

माझी पाळी येते. दोन मिनिटांत दंड भरून येतात आणि दाब उथळ पडू लागतो. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. एका जीवासाठी दोन-तीन अनोळखी माणसं लागतात, हे पुस्तकात वाचून कळलं नसतं इतकं हातांना कळतं.

एक रिक्षावाला इतका वेळ हाताची घडी घालून उभा आहे. तो आता मनातलं काढतो. "पाण्याचं ठीक आहे दादा. जुन्या हायवेला गाडी उडवून गेली, माणूस पडलाय, मी उचलून दवाखान्यात नेला. तर पहिला प्रश्न मला, तुझ्याच रिक्षाने उडवलं का? दिवस मोडतो. हप्ता कोण भरणार?"

चार-पाच माना डोलतात. ही भीती खोटी नाही. शहराच्या एका अंगाला द्रुतगती मार्ग, शहरातूनच जाणारा जुना महामार्ग, पुढे खंडाळ्याचा घाट. इथल्या रिक्षावाल्याला असा प्रसंग आज ना उद्या येतोच. हेल्मेटवाल्याने हे उत्तर बऱ्याचदा दिलेलं दिसतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2016 मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आलं. अपघातातल्या माणसाला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला होत नाही. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, दवाखाना त्याला थांबवून ठेवू शकत नाही, त्याच्याकडून पैसे मागू शकत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकारच्या 'राहवीर' योजनेत 25,000 रुपये मिळतात.

"लिहून द्या," रिक्षावाला म्हणतो. "कलमाचा नंबर. तिथं तोंडानं सांगून कोण ऐकतंय?"

मुलगी वहीचं पान फाडून लिहून देते. तो ते घडी घालून परवान्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवतो. लगेच बाकीचे रिक्षावाले त्याच पानाचे मोबाइलवर फोटो काढतात. माझ्या मते आज सकाळपासूनचं सगळ्यांत उपयोगाचं काम हे. धीर माणसांत असतोच, तो अडतो तो अशा एखाद्या साध्या भीतीपाशी, आणि ती भीती दूर करणं हे सरकारचं, पोलिसांचं, दवाखान्यांचं काम आहे. त्याचे फलक प्रत्येक रिक्षा थांब्यावर हवेत.

तेवढ्यात हेल्मेटवाल्याचा फोन वाजतो. तो बाजूला जातो. परत येतो तेव्हा चाल बदललेली. विसापूरवर धुकं उतरलंय, पाटणच्या बाजूने चढलेली दोन मुलं वाट चुकली आहेत, एकाचा पाय मुरगळलाय. ताडपत्रीखालचा मोठा दोर, स्ट्रेचर, विजेऱ्या. तिघंजण पाच मिनिटांत सगळं गाडीत भरतात. त्यातला एक कुठल्यातरी दुकानात कामाला असावा, कारण तो पळता पळता मालकाला फोनवर सांगतोय, "शेठ, दुपारी नाही जमणार, डोंगरावर चाललोय." पलीकडून काय उत्तर येतं कळत नाही, पण तो "हो, हो, सांभाळून" म्हणतो.

अशी माणसं या भागात डोंगरांनी घडवली. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, ढाक, नागफणी. कातळ चढायला शिकलेली पोरं पुढे त्याच कातळांवरून इतरांना उतरवू लागली. 2023 च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा घाटाखालचे आणि घाटावरचे असे सगळेच गिर्यारोहक भर पावसात ती चढण चढून गेले. यासाठी त्यांना पगार नाही. दोर झिजतात, बूट झिजतात, घरची भातलावणी खोळंबते. त्यांना नायक म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या दोरांचा खर्च कोण उचलतो हे विचारणारे थोडे.

गाडी गेली. बागेत क्षणभर काय करावं कुणाला सुचत नाही. पुतळा आहे, दोन दोर आहेत, आणि बारावीतली मुलगी आहे. ती चिक्कीच्या दुकानातल्या मुलाला म्हणते, "दादा, तू फेकतोस चांगला. तू दाखव, मी बुडते."

पुन्हा नदी, पुन्हा दोर. आता परडीवाल्या आजीही पाय रोवून ओढणाऱ्यांच्या रांगेत उभ्या राहिल्यात.

मावशी मात्र रांगेत नाहीत. त्या बागेच्या फाटकापाशी लावलेल्या आपल्या हातगाडीकडे गेल्यात आणि छपराची निळी दोरी सोडून घेऊन आल्यात. "पोरी, ही चालंल का गं? गाडीवर कायम असती."

मुलगी उठते, दोरी हातात घेते, ताणून बघते. "प्लास्टिकची आहे, पाण्यावर तरंगेल. सुती असती तर बुडाली असती. पण मावशी, ही पाच-सहा मीटर असेल. निदान वीस तरी हवी."

"ईस मीटर." मावशी मनात हिशोब करतात. "आन् टोकाला काय बांधू? ती पिशवी तर न्हाई माझ्याकडं."

"रिकामा कॅन बांधा, पाच लिटरचा. थोडंसंच पाणी घालून झाकण घट्ट लावा. म्हणजे लांब जातो आणि तरंगतो. धरायलाही होतो."

"त्येलाचा डबा हाय माझ्याकडं." मावशी दोरीची गुंडाळी करत चिक्कीच्या मुलाला हाक मारतात. "ए बाळा, बाजारात कुठल्या दुकानात मिळंल रं ही? आणि भाजीवालीला, त्या गोळेवाल्याला पण इचार. समद्यांनी एकदम घेतली तर सवस्तात देईल."