सैल चेहरा, सैल मान: कोणता उपाय कशासाठी?

वयानुसार फक्त त्वचाच सैल पडत नाही. गालांतली चरबी ओसरते, स्नायूंवरचा थर ढिला होतो, जबड्याचं हाडही झिजतं. म्हणून आधी नेमकं काय बदललंय ते डॉक्टरांकडून समजून घ्यावं. कपाळावरच्या आठ्यांना बोटॉक्स पुरतं; त्याचा परिणाम ३-४ महिने टिकतो. बसलेल्या गालांना फिलरने भर येते. जबड्याखाली कातडी लोंबत असेल, तर मात्र फेसलिफ्टच उपयोगी: कानाजवळच्या छेदातून आतला थर वर ओढून टाके घालतात. मानेवरच्या उभ्या पट्ट्यांसाठी हनुवटीखालून स्नायूच्या कडा शिवतात. शस्त्रक्रियेनंतरची सूज उतरायला काही आठवडे लागतात. सिगारेट शस्त्रक्रियेच्या किमान ४ आठवडे आधी बंद करावीच; तिच्यामुळे जखम नीट भरत नाही. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, हे निःसंकोच विचारा.