‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’ का? छोट्या संगणकाचं नेटवर्क आणि अनुपलब्धी

मागच्या व्याख्यानानंतर एका शिक्षिकेची चिठ्ठी आमच्या हाती आली. त्यांच्या शाळेत एकच रास्पबेरी पाय आहे, थ्री-बी. मुलांची पुस्तकं आणि व्हिडिओ त्यावर ठेवलेले, वर्गातले टॅब वायफायने त्याला जोडायचे. आता वायफाय सापडत नाही. कोणीतरी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा देऊन पाहिलं, यादीत वायफायचं नाव नाही. निकाल लागला: चिप जळली, बोर्ड भंगारात द्या. बाई विचारतात, तुमच्या प्रमाणशास्त्रात याला काही उत्तर आहे का? आहे. चांगलं नेमकं उत्तर आहे.

‘जमिनीवर घट नाही’ हे आपल्याला कसं कळतं? कुमारिलांचे अनुयायी आणि अद्वैती म्हणतात, अनुपलब्धी नावाचं हे एक स्वतंत्र प्रमाण आहे. नैयायिक त्याला वेगळं प्रमाण मानत नाहीत, त्यांच्या मते अभावसुद्धा प्रत्यक्षानेच कळतो. हा वाद मोठा आहे, तो बाजूला ठेवू. पण एक अट दोन्ही पक्षांना मान्य आहे, ती म्हणजे योग्यता. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे. मिट्ट अंधारात घट दिसला नाही, तर त्यावरून घट नाही असं सिद्ध होत नाही. सिद्ध होतो तो फक्त अंधार.

आता बोर्डाकडे या. एलएसयूएसबी ही आज्ञा फक्त यूएसबीच्या वाटेवरची उपकरणं दाखवते. थ्री-बीवर केबलचं नेटवर्क या वाटेने जातं. एलएएन ९५१४ नावाची एकच चिप यूएसबीचे फाटे आणि केबलचं नेटवर्क दोन्ही सांभाळते. म्हणून केबलची चिप त्या यादीत दिसायला हवी. वायफायची चिप मात्र एसडीआयओ नावाच्या दुसऱ्याच वाटेवर बसलेली आहे. ती धडधाकट असली तरी या यादीत येणार नाही! म्हणजे तपासणाऱ्याने पाहिलं खरं, पण जिथे ती वस्तू दिसूच शकत नाही तिथे पाहिलं. २०१९ साली आलेल्या पाय फोरवर तर केबलचं नेटवर्कही यूएसबीवरून काढून घेतलं. तिथे ते यादीत नसणं हेच बरोबर.

मग कुठे पाहायचं? ‘डीमेसेज’ ही आज्ञा द्या. सुरू होताना कर्नलला काय काय भेटलं, त्याची ही रोजनिशी. त्यात एसडीआयओ कार्ड सापडल्याची ओळ असेल, तर चिपने हाक दिली तेव्हा ओ दिली. ती जिवंत आहे. पुढे ‘बीआरसीएमएफमॅक’ हे नाव शोधा. तो तिचा ड्रायव्हर. तिथे फर्मवेअर लोड झालं नाही, एरर वजा दोन, असं लिहिलेलं असेल, तर वजा दोनचा अर्थ ‘फाइल सापडली नाही’ एवढाच. दुखणं कार्डावरच्या फायलींचं आहे, चिपचं नाही.

ओळच नसेल तर? तरीही थांबा. ‘कॉन्फिग’ फायलीत कोणी वायफाय बंद करणारी ओळ घातली आहे का ते पाहा. नसेल, तर दुसऱ्या मेमरी कार्डावर ताजी प्रणाली घालून बोर्ड सुरू करा. इतकं करूनही ओळ आली नाही, तर आता मात्र प्रकाश पुरेसा आहे. आता ‘चिप गेली’ म्हणायचा आपल्याला अधिकार आला.

आणि समजा वायफायचा इंटरफेस सापडला, पण चालत नाही, तर तो निराळा प्रश्न. ‘आरएफकिल’ने पाहा, रेडिओ अडवून ठेवलेला असू शकतो, काही बोर्डांवर देश निवडेपर्यंत तो अडवलेलाच असतो. केबलच्या बाबतीत ‘आयपी लिंक’ने ‘नो-कॅरियर’ दाखवलं, तर उपकरण आहे, तारेतून संकेत नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. आहे, जोडलेलं आहे, चालतं आहे: ही तीन वेगळी विधानं आहेत, बरं का. लोक तिन्हींना एकच ‘नाही’ लावतात.

बाहेरून लावायच्या यूएसबी वायफायची गंमत वेगळी. ‘लॅपटॉपवर चालतं, पायवर चालत नाही, म्हणून पाय बिघडला.’ अनुमान आहे, पण सोपाधिक. अग्नी आहे तिथे धूर असतोच असं नाही, ओलं सरपण लागतं; ती उपाधी. इथेही लॅपटॉपकडे त्या चिपचा ड्रायव्हर आहे आणि भरपूर वीज आहे, या दोन उपाध्या लपल्यात. पायचा पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो कमी दाबाची नोंद करतो, आणि यूएसबीवरचं उपकरण मधेच गायब होऊ लागतं. मोबाइलचा जुना चार्जर आणि बारीक लांब केबल हे नेहमीचे संशयित. थ्री-बीला ५.१ व्होल्ट, अडीच अँपिअरचा पुरवठा द्यावा असं उत्पादकच सांगतो.

उपाधी काढायची कशी? अन्वय-व्यतिरेकाने. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निकाल वहीत लिहा. चार्जर, केबल आणि कार्ड एकदम बदललं आणि चाललं, तर चाललं खरं, पण का चाललं ते कळलं नाही. पुढच्या वेळी पुन्हा अंधारच.

तर बाईंना आमचं सांगणं असं: आधी डीमेसेज, मग कॉन्फिग, मग दुसरं कार्ड. या क्रमाने जा. आणि शेवटी चिप खरोखरच गेलेली निघाली, तरी केबलचं तोंड शाबूत आहे. तो बोर्ड साध्या वायफाय राउटरला केबलने जोडा, टॅबना पुस्तकं मिळतील. एक इंद्रिय गेलं म्हणून माणूस कोणी टाकून देत नाही.

पुढच्या वेळी ‘शब्द’ प्रमाण घेऊ. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या.